अण्णांचे लाकडी मासे

४ फेब्रुवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की त्याच्यापुढे दोन निळ्या खुणा येतात आणि मग सगळं चिडीचूप. पत्राचं एक बरं असतं, फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं. पोस्टातल्या बाईंनी पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधून आणली असती तरी त्यांनी असंच बघितलं असतं.

वाईट बातमी नाही, आधीच सांगते. अण्णा बरे आहेत. थोडा खोकला आहे, पण तो आपल्या लहानपणापासूनच आहे. जिन्यात खोकला ऐकू आला की आपण पुस्तकं उघडून बसायचो. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तेवढं टर्पेंटाइन छातीत साठलं, ते आता हप्त्याहप्त्यानं परत जातंय, असं ते म्हणतात.

लिहायचं कारण वेगळं आहे. रविवारी मी अण्णांबरोबर वीटभट्टीच्या तळ्यावर गेले होते. गळ टाकायला.

आई गेल्यापासून ते तळ्यावर एकदाही गेले नव्हते, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तू निघून गेलास त्याच आठवड्यात मी त्यांची ती पत्र्याची पेटी उचलून माळ्यावर टाकली, काठ्या जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली ढकलल्या. तुला त्या सामानाचा जेवढा राग होता ना, तेवढाच मला होता. अण्णांनी बघितलं, पण पुन्हा कधी मागितलं नाही. आणि आता एवढ्या वर्षांनी गेल्या महिन्यात एकदा जेवता जेवता विचारतात, बुटके, तुला रविवारी सुट्टी असते ना. मी म्हटलं, असते. मग अण्णा ताटात बघतच म्हणाले की पेटी जड आहे, त्यांना एकट्यानं झेपणार नाही.

मी नाही म्हणणार होते. तोंडाशी आलं होतं. पण मागण्याची पद्धतच अशी होती, एखाद्या मुलानं शेजाऱ्यांच्या अंगणात गेलेला चेंडू मागावा तशी.

मग आठवडाभर घरात चालणं मुश्कील. आठवतं तुला? गळाचा रेशमी दोर वाळवायला खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत, तिथून दाराच्या बिजागरीपर्यंत. आई कमरेत वाकून वाकून स्वयंपाकघरात जायची आणि म्हणायची, माझ्या घरात मीच जाळ्यात सापडलेय. तुझ्यासारख्या ताडमाड माणसाच्या गळ्याला तो दोर लागायचा. मी बुटकी, मी आजही सरळ खालून जाते. रेशमाचा दोर एकदा ओला राहिला की कुजतो, म्हणून प्रत्येक वेळी धुवायचा, वाळवायचा, तेलाचा हात फिरवायचा. नायलॉनचा आणा ना, म्हटलं, तर म्हणाले, त्याला काहीच करावं लागत नाही, मग त्याची आठवण तरी कशी राहणार.

पितळी रीळ त्यांनी दात घासायच्या ब्रशनं उजळलं. ब्रश माझा होता, हे मला नंतर कळलं.

तळ्यावर दोन तरुण पोरं होती. काळ्या चकचकीत काठ्या, आणि पाण्याखाली मासे कुठे आहेत ते दाखवणारा एक पडदा. त्यातल्या एकानं अण्णांचं सामान बघून विचारलं, काका, हे म्युझियममधून आणलंत का. मला वाटलं आता अण्णा चिडणार. ते इतके खूश झाले की त्याला हाताला धरून बसवलं आणि बांबूची काठी कशी पट्ट्या तासून, त्या एकमेकींना चिकटवून करतात, इथपासून सुरुवात केली. त्याच्या पडद्यावर तोवर मासे येऊन गेले असतील. पोरगं उठलं नाही.

आम्हाला काही लागलं नाही. येताना अण्णा रिक्षात झोपले. त्यांच्या मांडीवर पेटी होती आणि चेहरा असा होता की मला तुला पत्र लिहावंसं वाटलं.

तुझी,
बुटकी

२३ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही, म्हणजे पत्र पोचलं असं मी धरते.

आम्ही आता दर रविवारी जातो. हसू नकोस, पण मला त्याची गोडी लागते आहे. सांगून बघते, जमलं तर.

पेटीतल्या खालच्या कप्प्यात त्यांचे लाकडी मासे आहेत, प्रत्येक कापसात गुंडाळलेला. आपण त्यांना खोटे मासे म्हणायचो आणि हात लावला की फटका खायचो. कुणीतरी कधीतरी हातानं कोरलेले, काचेचे डोळे बसवलेले, रंगाला केसासारख्या भेगा पडलेल्या. एकाच्या पाठीवर दातांच्या खुणा आहेत. मी म्हटलं, अण्णा, तुमच्यासारखा रंगारी घरात असून हा असा का, एक हात मारा की. ते म्हणाले, दुसऱ्यानं रंगवलेल्या पाटीवर आपण ब्रश चालवत नाही. आणि त्या दातांच्या खुणा म्हणजे त्या माशाला मिळालेलं प्रशस्तिपत्र, ते पुसायचं कशाला.

एका माशाच्या तोंडापुढची पट्टी तुटलेली होती. ती पट्टी असते म्हणून तो पाण्यात डुलतो. मी तो लॅबमध्ये नेला आणि कवळ्या करतो त्या गुलाबी प्लास्टिकची नवी पट्टी बसवून दिली. साहेबांनी माझ्या टेबलावर तो बघितला आणि विचारलं, हा कुठला पेशंट. मी म्हटलं, पेशंट लाकडी आहे, पण चावा नीट बसला पाहिजे. त्यांनी मग स्वतः भिंगातून बघून दोन ठिकाणी घासायला सांगितलं. आता तो मासा हिरड्या दाखवत पोहतो.

अण्णांनी मला तो काठाजवळच्या उथळ पाण्यात ओढून दाखवला. बघ, म्हणाले, कसा चालतो. मी म्हटलं, छान पोहतोय. तर म्हणाले, नाही, छान पोहत नाहीये, म्हणून तर त्याला किंमत. ज्यानं हा कोरला त्यानं आजारी मासा कुठेतरी नीट बघितला होता. एका अंगाला कलतो, सावरतो, पुन्हा कलतो. मोठा मासा कळपात असलाच शोधतो. हल्लीचे प्लास्टिकचे मासे सगळे कसे धडधाकट.

दोर फेकायचं शिकताना मी पहिल्याच दिवशी असा गुंता केला की तो सोडवण्यात सकाळ गेली. त्या जुन्या रिळाला लगाम नाही. अंगठा ठेवून आवरायचं, आणि कधी सोडायचं आणि कधी दाबायचं ते अंगठ्यालाच कळावं लागतं. नव्या रिळात ते सगळं आतल्या आत होतं. इथे पाण्यातलं गवत लागलं, काटकी लागली, काही जवळून गेलं, सगळं दोरातून, काठीतून थेट हातात येतं. मी दिवसभर दुसऱ्यांच्या दातांचे साचे घासते, माझ्या हातांना बारीक काही कळतं असा मला गर्व होता. पण पाण्याखाली न दिसणारं काहीतरी अंगठ्यापाशी येऊन थांबतं आणि जातं, तेव्हा अंगावर काटा येतो. तास कसा जातो कळत नाही. मधेच उठून सिलिंडरचा काटा बघावा लागतो तेवढंच.

लिहून गेले, आता खोडत नाही. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आहे, चाकांच्या पिशवीत. फक्त बाहेर जाताना. घरी मशीन आहे. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणतात, म्हणजे तसं नाही म्हणत, पण चेहऱ्यावरून तसं वाटतं.

लिही काहीतरी.

बुटकी

१८ मार्च

दादा,

तुझं कार्ड आलं. एका ओळीसाठी एवढं टपाल खर्चलंस. “त्या सामानाचं नाव माझ्यापुढे पुन्हा काढू नकोस.” अक्षर अजून तसंच आहे, अण्णांनी हाताला धरून गिरवून घेतलेलं.

ठीक आहे. मग त्या दिवसाबद्दलच लिहू, म्हणजे मधे सामान येणार नाही.

मी तिथे नव्हते. मला जे माहीत आहे ते तूच सांगितलेलं. तू दुपारी कामावरून लवकर आलास, आई स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली होती, गॅसवर पाणी आटून भांडं काळं झालं होतं. तू शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींना हाक मारलीस, रुग्णवाहिका बोलावलीस आणि सायकल घेऊन तळ्यावर सुटलास. अण्णा पलीकडच्या काठावर होते. तू इकडून ओरडलास. त्यांनी ऐकलं. हात वर केला. आणि मग तू बघत होतास आणि ते उभे राहून दोर गुंडाळत होते. सावकाश, एकसारखा, ओला दोर रिळावर नीट बसावा तसा. मग काठीचे दोन भाग सुटे केले. मग निघाले.

हॉस्पिटलच्या बाकावर तू मला हे सांगितलंस, तेव्हा तुझ्या हाताची बोटं रीळ फिरवल्यासारखी हलत होती. आई आधीच गेलेली होती, त्या काही मिनिटांनी काही झालं नसतं, असं मी म्हणाले. तू म्हणालास, प्रश्न मिनिटांचा नाही. मला तेव्हाही ते पटलं होतं. आजारी बायकोला घरात एकटी टाकून माणूस गळ टाकायला जातो, आणि ती पडली म्हटल्यावर आधी सामान आवरतो, अशा माणसाशी कशाला बोलायचं. मी बोलत राहिले कारण मी इथे होते. त्यांना सकाळचा चहा द्यावा लागत होता. न बोलता चहा देता येतो, पण फार दिवस नाही.

एवढंच म्हणायचं आहे की मी काही विसरलेले नाही.

बुटकी

९ एप्रिल

दादा,

आता खरं लिहिते, कारण वेळ कमी आहे.

अण्णांची फुप्फुसं संपत आली आहेत. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की पावसाळा बघतील असं वाटत नाही. मशीन आता दिवसभर चालू असतं. त्याची घरघर इतकी सवयीची झाली आहे की परवा वीज गेली, तर शांततेनंच मी दचकून उठले. जिना उतरताना त्यांना दर पायरीवर थांबावं लागतं, तरी रविवारी जायचंच म्हणतात. खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड कंडक्टर त्यांना हाताला धरून उतरवतात आणि प्रत्येक पायरीला “पुढे सरका, पुढे सरका” म्हणतात. अण्णा हसतात आणि मग खोकतात.

गेल्या रविवारी त्यांना काठी उचलवेना. ते खुर्चीवर बसले आणि मी फेकत होते. वारा नव्हता. मी पाठमोरी होते म्हणून असेल, पण मी विचारलं. एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, अण्णा, त्या दिवशी तुम्ही का आलात इथे.

अण्णांनी नाकातली नळी नीट केली. मग म्हणाले, “तिनं पाठवलं.”

मी वळले नाही. वळले असते तर ते थांबले असते.

त्यांनी सांगितलं ते असं. आदल्या आठवड्यात हॉस्पिटलमधून आल्यापासून घरात आपण तिघंही तिच्याभोवती होतो. तू रजा घेतली होतीस, मी लॅबमधून दुपारी घरी यायचे, अण्णा तर खुर्ची सोडत नव्हते. त्या सकाळी तिनं तुला कामावर पाठवलं, तुझी तिथे गरज असेल म्हणून. मला पाठवलं. मग अण्णांना म्हणाली, तुम्ही तळ्यावर जा. ते नाही म्हणाले. दोघा मुलांपैकी एकाला तरी परत बोलावतो, म्हणाले. तेव्हा ती म्हणाली, “मुलं तर मुळीच नकोत. थोरला समोर असला की मला सारखं हसून दाखवावं लागतं. एक दिवस मला हसायचं नाहीये. जा तुम्ही.”

मग अण्णा गेले. पेटी तिनंच दाराशी आणून ठेवली होती.

मी विचारलं, मग दोर का गुंडाळत बसलात. ते म्हणाले, “डोक्याला कळलं होतं. हातांना कळलं नव्हतं. ते आपले चालत राहिले. मी त्यांच्याकडे बघत होतो, थांबत का नाहीत म्हणून.”

हे त्यांनी तुला कधीच सांगितलं नाही आणि मीही तुला सांगू नये म्हणाले. मी सांगते आहे. तू माझ्यावर राग धर हवं तर. पण ये. त्यांना तुझ्याबरोबर एकदा तळ्यावर जायचं आहे, असं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, त्याच्या उंचीला ती लांब काठी शोभली असती.

बुटकी

३० एप्रिल

दादा,

तू फोन केलास. माझं पत्र वाचलंस आणि फोन केलास. नाव बघून मी लॅबच्या जिन्यातच बसले. अण्णांशी बोलायचं म्हणालास, तेव्हा साहेबांना न सांगता तशीच घरी धावले, हाताला साच्यांचं प्लास्टर लागलेलं होतं. फोन त्यांच्या कानाशी मी धरला होता. स्पीकर चालू होता, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून. त्यामुळे मी सगळं ऐकलं.

तू विचारलंस, “आई माझ्याबद्दल असं म्हणाली होती?”

आणि ते म्हणाले, “छे. ही काहीतरी लिहिते. तुझी आई झोपली होती. मी माझ्या मनानं गेलो होतो.”

 मग म्हणालास, मला वाटलंच होतं. आणि ठेवलास.

मी काय काय बोलले असेन त्यांना, ते लिहीत नाही. आजारी माणसाला बोलू नये असं सगळं. तोवर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं झोपले. मी कपडे बदलून आले तर जागे होते. मला जवळ बसवलं आणि एकेक शब्द तोडून तोडून बोलले. ते जसं म्हणाले तसं लिहिते.

“तो तिकडे एकटा आहे. माझ्यावरचा राग त्याला पेलतो, इतकी वर्षं पेलला. आई आपल्याला बघून थकायची, हे घेऊन तो कुठे जाईल?”

मी म्हटलं, आणि तुम्ही? म्हणाले, माझं आता काय राहिलंय, माझी पाटी रंगवून झाली.

तू यावर विश्वास ठेवणार नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही ठेवला नसता. एकीकडे मी, कुणी न मागितलेली पत्रं पाठवणारी, आणि दुसरीकडे खुद्द त्यांचा आवाज. मला स्वतःलाच कधी कधी वाटतं, तळ्यावर त्यांनी मला सांगितलं ते खरं, की तुला सांगितलं ते? मला बरं वाटावं म्हणून तर त्यांनी ते रचलं नसेल? पण “एक दिवस मला हसायचं नाहीये” हे वाक्य अण्णांना सुचणार नाही. ते आईचंच आहे. मला त्यात तिचा आवाज ऐकू येतो. तुलाही आला असेल, म्हणूनच तू फोन केलास.

आता तळ्यावर जाणं बंद झालं आहे. मी पेटी त्यांच्या पलंगावर आणून ठेवते. ते एकेक लाकडी मासा कापसातून काढतात, त्याच्या पोटावरून अंगठा फिरवतात आणि परत ठेवतात. कंडक्टर काका येतात तेव्हा त्यांना प्रत्येकाचं चरित्र सांगायला सुरुवात करतात, पण दम पुरत नाही, म्हणून अर्धं मी सांगते. मला सगळी चरित्रं पाठ झाली आहेत.

तिकीट मिळत असेल तर बघ.

बुटकी

२७ मे

दादा,

अण्णा गुरुवारी सकाळी गेले. फोनवर मेसेज टाकला होता, निळ्या खुणा आल्या, म्हणजे तुला माहीत आहे.

मी त्यांना दाढी करून देत होते. एक गाल झाला होता. दुसऱ्या गालाला साबण लावला आणि ते माझ्याकडे बघायचे थांबले. मी दुसरा गाल पूर्ण केला. तसं अर्धवट ठेवणं बरं वाटेना.

शेवटच्या दिवसांत त्यांनी तुझं नाव काढलं का, असं तू विचारणार नाहीस, तरी सांगते. नाही काढलं. दारात कुणी आलं की मान वळवून बघायचे, एवढंच. दूधवाला असला तरी.

आपल्या रस्त्यावरची जुनी दुकानं त्या दिवशी थोडा वेळ बंद होती. शाई आणि कागदवाल्याची पाटी अण्णांनी रंगवलेली अजून आहे. तिच्याखाली तो हात जोडून उभा होता. मला वाटलं तू कुठूनतरी, उशिरा का होईना, पिशवी खांद्याला लावून येशील. मी मागे वळून बघत होते. कंडक्टर काका म्हणाले, आता निघू या, बाळ. निघालो.

तुझी फुलं दुसऱ्या दिवशी आली. दुकानवाल्यांनी कार्डावर “आमच्या लाडक्या आजोबांना” असं छापलं होतं. कुणा दुसऱ्याच्या फुलांशी अदलाबदल झाली असणार. कुठेतरी एका आजोबांना “वडिलांना” म्हणून फुलं गेली असतील. मला हसू आलं आणि मग ते थांबेचना, शेजारच्या मावशींनी येऊन पाणी दिलं.

मशीन परत न्यायला माणूस आला होता. खोली आता खूप मोठी वाटते.

बुटकी

१६ जून

दादा,

हे शेवटचं. तुला त्रास देण्यासाठी नाही, पण ज्याला हे कळलं असतं असा आता दुसरा कुणी नाही.

काल रविवार होता. सकाळी उठले, कपडे केले आणि पेटी घेऊन खाली उतरले. जिना उतरून झाल्यावर लक्षात आलं की मी कुठल्याच पायरीवर थांबले नव्हते. तरी गेले.

तळ्यावर कुणी नव्हतं. पाणी खाली गेलं आहे, काठाला चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या आहेत. मी दातांच्या खुणा असलेला मासा बांधला, गाठ ओली करून आवळली, फेकला. अंगठा बरोबर वेळेला दाबला गेला. एवढं सुरेख माझ्याकडून आजवर कधी पडलं नव्हतं. तो दूर जाऊन हलकेच पाण्यावर टेकला आणि मी ओढायला लागले. कलतो, सावरतो, पुन्हा कलतो, मला न दिसता सगळं हातात येत होतं. मला बरं वाटायला लागलं होतं, दादा. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

आणि मग दोर थांबला. आधी वाटलं गवत. मग ते गवत चालायला लागलं.

आम्ही इतके रविवार गेलो, एकदाही काही लागलं नव्हतं. अण्णांना त्याचं काहीच वाटायचं नाही. मला माहीतच नव्हतं की एवढी ताकद असते. काठी मुठीपर्यंत वाकली, अंगठ्याची सालं निघाली. मी मोठ्यानं “अण्णा” म्हणाले. मग चिखलात मांडीपर्यंत गेले आणि त्याला दोन्ही हातांनी काठावर आणला. मोठा होता. माझ्या हाताएवढा, काळसर पाठीचा, पिवळ्या पोटाचा.

मला त्याला सोडायचं होतं. अण्णा पूर्वी सोडायचेच, तू बघितलं आहेस. पण त्यानं लाकडी मासा पार घशात घेतला होता. त्या जुन्या माशांना तीन तोंडांचे गळ असतात, पोटाला एक आणि शेपटीला एक. मी दिवसभर लोकांच्या तोंडातलं काम करते, वाटलं जमेल. चिमटा घेऊन बसले. एक निघाला. दुसरा काढताना कल्ल्यातून रक्त यायला लागलं, आणि मी जेवढं हळू करावं तेवढं जास्त येत होतं. त्याला पाण्यात धरला, पुढेमागे हलवला, अण्णांनी सांगितलं होतं तसा. तो हातात आडवा होत होता. मी सरळ करायचे, तो आडवा व्हायचा. कल्ले उघडायचे आणि मधे बराच वेळ उघडायचेच नाहीत. हे मला ओळखीचं होतं. मी कितीतरी वेळ तशीच पाण्यात उभी होते.

मग तो थांबला.

त्याला तिथे टाकून येववेना. पेटीतल्या फडक्यात गुंडाळला आणि घरी आणला. जिन्यात कंडक्टर काका पेपर वाचत बसले होते. माझे कपडे चिखलानं भरलेले, फडक्यातून शेपूट बाहेर आलेली. ते उठून उभे राहिले. म्हणाले, केवढा मोठा, कुणी पकडला?

माझ्या तोंडून निघून गेलं, “अण्णांनी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अण्णांना खांदा देणाऱ्यांत ते पहिले होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, पुढे होऊन मासा दोन्ही हातांत घेतला आणि वजन केल्यासारखा खालीवर केला.

म्हणाले, “वा. सांग त्यांना, छान आहे म्हणावं.”

मी हो म्हटलं आणि वर आले.

तुझी,
बुटकी